आधी कडबा, मग गाय: सोलापूर भागात खिलारांचा निवारा चालवताना

निवाऱ्यात किती जनावरं घ्यायची हे गंजीत कडबा किती आहे त्यावर ठरवा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि कडबा तेव्हाच स्वस्त असतो. वर्षाची खरेदी त्याच दोन महिन्यांत उरका. मोठ्या खिलार गाईला रोज 5 किलो कडबा, 10 किलो हिरवी वैरण आणि किलोभर पेंड-भुस्सा लागतो. नासधूस धरून एका जनावरामागे वर्षाला 2 टन कडबा होतो, म्हणजे वीस जनावरांना 40 टन. पेंढीचा आकार गावागणिक बदलतो, त्यामुळे शेकड्यावर न जाता काट्यावर वजन करून घ्या. कडबा अख्खा टाकलात तर जनावरं पाला ओढून खातात आणि ताटं पायाखाली तुडवतात. इंच-दीड इंचाची कुट्टी करूनच घाला.

गोठा मुक्त संचार पद्धतीचा ठेवा. दर जनावरामागे 40 चौरस फूट सावली आणि 80 ते 100 चौरस फूट मोकळी जागा पुरते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, उंची 10 ते 12 फूट, खाली उताराचा मुरूम. खिलाराची शिंगं लांब आणि स्वभाव तापट. त्यामुळे गव्हाणीला दर जनावरामागे अडीच नव्हे, तीन फूट जागा द्या, नाहीतर दुबळी गाय मागेच उभी राहते आणि भरल्या गव्हाणीसमोर उपाशी राहते. वळू आणि खोंड वेगळे बांधा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की एका जनावराला दिवसाला 60 ते 80 लिटर पाणी लागतं. बोअर आटली किंवा मोटार जळाली तर दोन दिवस तग धरता येईल एवढं पाणी टाकीत हवं.

खरी कसोटी असते नव्या, उपासमार झालेल्या जनावराचे पहिले पंधरा दिवस. दया येऊन घमेलंभर पेंड पुढे ठेवणं हीच सगळ्यात मोठी चूक. उपासमारीत गाईच्या पोटातले वैरण पचवणारे जिवाणू कमी झालेले असतात. अशा पोटात धान्य गेलं की आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि एक-दोन दिवसांत गाय दगावते. सणावाराला लोक पुरणपोळी, भात, गूळ घेऊन येतात. त्यांचा मान राखा, पण तो नैवेद्य नव्या गाईपर्यंत जाऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी पाणीसुद्धा पाच-पाच लिटर, अर्ध्या तासाच्या अंतराने पाजा. किलो-दीड किलो कोरडी कुट्टी दिवसातून चार वेळा द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती वाढवा. रवंथ नीट सुरू झाल्यावर, साधारण आठव्या दिवशी, पाव किलो पेंड सुरू करा आणि दर तीन दिवसांनी पाव किलो वाढवत किलोवर न्या. सोबत 50 ग्रॅम खनिज मिश्रण. जंताचं औषध आणि लस आल्या दिवशी टोचून घेऊ नका. अंगात जीव आल्यावर पशुवैद्यकांना विचारून द्या. लम्पीच्या भीतीने 28 दिवस वेगळं ठेवा, बादली वेगळी ठेवा आणि त्या जनावराचं काम सगळ्यात शेवटी करा.

डावी भकाळी, म्हणजे बरगड्या आणि कमरेच्या हाडामधला खळगा, दाबून पाहा. मळलेल्या कणकेसारखी लागली, खाणं कमी आणि रवंथ नाही, तर पोटात प्लास्टिक साठल्याचा संशय धरा. ते औषधाने निघत नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही गाय थोडी सावरल्यावर.

अशक्तपणाने बसलेली, उठता न येणारी गाय आडवी पडू देऊ नका. पाचट किंवा वाळूची फूटभर गादी करा, पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसवा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. खिलाराच्या कमरेची हाडं वर आलेली असतात, एका रात्रीत तिथे जखम होते.

कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) मुबलक मिळतात, पण त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. वाढे हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवून वरची निवळी कुट्टीवर शिंपडा. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी आणि काढणीनंतरचे फुटवे यांत किरळ (सायनाइडचं विष) असते. त्यात जनावरं सोडूच नका. धाप लागून गाय झोकांड्या खाऊ लागली, तर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन मिनिटांत मिळायला हवं. म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ते ठेवा.

लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, मे महिन्यात. गोचिडांसाठी जनावरावर फवारून भागत नाही. भिंतीच्या भेगा, गव्हाणीची खालची बाजूही त्याच दिवशी फवारा.

आलेल्या प्रत्येक जनावराच्या कानाला बारा अंकी बिल्ला मारून नोंदवही ठेवा: कुठून आलं, वय, लस, आजार. देशी गाईंसाठी नोंदणीकृत गोशाळांना दर गाईमागे रोज 50 रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. त्यासाठीही बिल्ला लागतोच.