ट्राइकची मागची चाकं निवडताना या चुका टाळा

बुलेटचा ट्राइक, म्हणजे मागे दोन चाकं लावून तीनचाकी, करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, मागे किती इंची डिस्क टाकू? आणि गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण डिस्क म्हणजे टायरच्या आतलं धातूचं चाक, तो इंच त्याच्या रिमचा असतो आणि गाडीला फरक पडतो तो टायर धरून होणाऱ्या एकूण उंचीचा. जुन्या क्लासिक ३५० चं मागचं टायर ११०/९०-१८, म्हणजे उंची साधारण ६५५ मिमी. आता १८ पेक्षा १५ लहान म्हणून चाक लहान होणार असं वाटतं ना, पण २०५/६५ आर १५ ची उंची ६४८ मिमी भरते, म्हणजे जवळपास तेवढीच! हिशोब सोपा आहे, टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा टक्के, शेवटचा रिमचे इंच. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे, झालं. टायर घ्यायच्या आधी हे पाच मिनिटांचं गणित करा, दिसण्याचं नंतर बघू.

बरेच जण स्वस्तात मिळतं म्हणून १२ इंची डिस्कवर १४५/८० टाकतात. उंची ५३७. मग त्याच स्पीडला इंजिन २२ टक्के जास्त फिरतं, साठला गेलात की गाडी रडते आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात! उलट २३५/७५ आर १५ सारखं जीपचं टायर टाकलं तर उंची ७३३ च्या पुढे, पिकअप गेला, चढाला क्लच जळायचा वास. थोडा फरक असेल तर स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर, निभावतं, समजा मागचं ३८ दातांचं आहे तर त्या १२ इंचीसाठी ३१ च्या आसपास लागेल. पण एक गोष्ट आधी तपासा, कारचा पूर्ण अ‍ॅक्सल बसवला असेल तर त्याच्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीचं, वेग कमी करण्याचं स्वतःचं प्रमाण वेगळं असतं, दोन्ही चाकं वर उचला, दोन्ही बरोबर एक फेरा फिरवा आणि पिनियनचा फ्लँज (इंजिनाकडून फिरवली जाते ती तबकडी) किती वेळा फिरला ते मोजा. टायरला शिव्या घालण्याआधी हे.

उंची बदलली की पुढच्या फोर्कचा अँगल पण बदलतो हे कुणी सांगत नाही. त्याच जागी ७३३ चं टायर बसवलं तर मागचा भाग ३९ मिमी वर येतो, म्हणजे बुलेटच्या लांबीला फोर्क दीडेक अंश उभा होतो, हँडल हलकं लागतं पण खड्ड्यातून गेल्यावर थरथरतं. लहान टायर टाकलं की उलटं, हँडल जड. ट्राइकचं हँडल तसंही जडच असतं, गाडी झुकत नाही ना.

आणि झुकत नाही म्हणूनच मागे बाइकचं गोल टायर घालू नका. त्याचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, तोच झिजतो, वळणावर बाजू दुमडतात. ताराची चाकं तर नकोच, वळणाचा आडवा जोर ती झेलत नाहीत, तारा तुटायला लागतात. कारचं सपाट टायर, स्टीलची किंवा चांगली अलॉय डिस्क, विषय संपला.

रुंदीचा सोस मात्र भारी. २९५ चं टायर फोटोत झकास दिसतं हो, पण मागचं वजन कारच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे पावसात ते पाण्यावर तरंगतं आणि वळताना पुढचं चाक सरळच घसरत जातं. आणि मडगार्डपर्यंतचं अंतर मोजताना तेच टायर जास्त रुंद रिमवर आणखी फुगतं हे धरा, दर अर्ध्या इंचाला साधारण ५ मिमी. डिस्क बाहेर काढायला जाड स्पेसर टाकणारे पण आहेत, तो सगळा जोर बेअरिंगवर येतो, त्यापेक्षा योग्य ऑफसेटची (बोल्टची बसायची जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली ते) डिस्क शोधा. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळत नसेल तर भोकं ओढून मोठी करणाऱ्या कारागिराकडून उठून या, सरळ.

हवा! पंक्चरवाला सवयीने कारसारखी ३० पीएसआय भरतो. २०५/६५ आर १५ वर ९४ लिहिलेलं असेल तर ते टायर ६७० किलो पेलतं, ट्राइकच्या एका चाकावर बहुतेक वेळा त्याचा तिसरा हिस्साही येत नाही, मग गाडी उड्या मारते आणि मधला भाग टक्कल पडल्यासारखा होतो. १८-२० पासून सुरू करा, टायरवर आडवी खडूची रेघ मारा, सपाट जागेवर थोडं चालवा. मध्येच पुसली तर हवा कमी करा, कडाच पुसल्या तर वाढवा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टेप घ्या आणि दोन्ही टायरचा घेर मोजा, एक नवं एक जुनं असं घातलेलं असतं हमखास. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, नसेल आणि सरळ सळईसारखा अ‍ॅक्सल असेल तर गाडी लहान घेराच्या बाजूला जाणारच, डिफरन्शियल असेल तर ते बिचारं सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. टायर जोडीनेच घ्या, आणि बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं जुनं टायर स्वस्तात देतात ते हेच.

अजून एक, मूळ गाडीच्या रचनेत असा बदल करून ती रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलंय. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाड्यांची परवानगी वेगळी आहे. त्यामुळे आरटीओत विचारून घ्या, मग टायरचे पैसे द्या.