विधानसभेचा पहिला अर्ज: भाषणाआधी सूचक पक्के करा

पंचविशी पूर्ण हवी, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं, अनामत १० हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार, एवढं तुम्हाला माहीत असेलच. ते पुन्हा सांगत बसत नाही. पहिल्यांदा उभे राहणारे जिथे हमखास अडकतात ते सांगतो.

आधी वेळेचा अंदाज घ्या. २०२४ ला अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची शेवटची तारीख २९, छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत, मतदान २० ला आणि मोजणी २३ ला. मधे अख्खी दिवाळी. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. म्हणजे त्या वेळी चिन्ह हातात आल्यापासून प्रचार थांबेपर्यंत दोन आठवडे होते. सार्वजनिक सुट्टीला अर्ज घेत नाहीत आणि बाकीच्या दिवशीही वेळ ११ ते ३ एवढीच. तारीख जाहीर झाल्यावर तयारी करू म्हणणाऱ्याचं इथेच गणित चुकतं.

आता मुख्य मुद्दा, सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. उमेदवार राज्यातला कुठलाही चालतो, सूचक मात्र नाही. वाचायला सोपं वाटतं. नागपुरात ते सोपं नाही.

शहरात दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर असे सहा मतदारसंघ एकमेकांना चिकटून आहेत. इतवारी-महालातली कितीतरी कुटुंबं रिंग रोडकडच्या लेआउटमध्ये राहायला गेली, पण यादीतलं नाव जुन्या वाड्याच्या पत्त्यावरच राहिलं. तो माणूस तुमच्या गल्लीत राहतो, तुमच्यासोबत फिरतो, दर निवडणुकीला मतदानही करतो. फक्त करतो दुसऱ्या मतदारसंघात. त्याची सही तुमच्या अर्जावर आली की दहाचे नऊ झाले, आणि नऊ सूचकांचा अर्ज छाननीत बाद होतो. छाननीच्या टेबलावर दहावा माणूस आणून बसवता येत नाही.

दुसरी गफलत मतदार यादीतल्या भाग क्रमांकाची. मतदार ओळखपत्राचा नंबर तोच राहतो, पण यादीची पुनर्रचना झाली, मतदान केंद्रं बदलली की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बदलतात. जुन्या कार्डाच्या मागे छापलेला भाग क्रमांक पाहून अर्ज भरू नका. निवडणूक आयोगाच्या मतदार शोध पोर्टलवर प्रत्येक सूचकाचं नाव काढा, प्रिंट घ्या आणि तहसील कार्यालयातल्या ताज्या यादीशी आणि पुरवणी यादीशी ताडून पाहा. पुरवणीत नाव वगळलं गेलं असेल तर मूळ यादीतलं नाव कामाचं नाही.

इथे थोडा धीरही देतो. आकडा लिहिताना चूक झाली, नावात काना-मात्रा सुटली, एवढ्यावरून अर्ज जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३३(४) अशा लेखनाच्या चुका दुरुस्त करू देतं आणि कलम ३६(४) म्हणतं की किरकोळ दोषावर अर्ज फेटाळू नये. म्हणून अर्ज देताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच नोंदी तपासून घ्या. पण सूचक मतदारच नसेल, तर तो किरकोळ दोष ठरत नाही.

तिसरी गोष्ट सह्यांची. एकानेच सगळ्यांच्या सह्या मारून टाकण्याची सवय असलेले कार्यकर्ते असतात, त्यांना या कामापासून लांब ठेवा. सुरत लोकसभेत २०२४ ला काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच ‘या सह्या आमच्या नाहीत’ अशी प्रतिज्ञापत्रं दिली, अर्ज बाद झाला आणि शेवटी तिथे मतदानच झालं नाही, भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. अर्ज बाद झालेला तो उमेदवार एका मोठ्या पक्षाचा होता. तुमचं-माझं काय! प्रत्येक सूचकाने तुमच्यासमोर सही करावी. जमलं तर मोबाइलवर तारखेसह व्हिडिओ घ्या. अंगठा उठवणारा सूचक असेल तर त्याला घरी अंगठा लावायला सांगू नका. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो आणि अधिकाऱ्याने तो साक्षांकित करावा लागतो.

चौथी, आणि हीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका मतदारसंघात अर्जाचे चार संच भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. लोक चारही संचांवर तेच दहा सूचक घेतात आणि आता धोका नाही असं समजतात. एक सूचक खोटा निघाला तर चारही संच एकदम जातात. दुसऱ्या संचाला वेगळे दहा घ्या. पंधरा-वीस माणसांची यादी आधीच तपासून ठेवा, कारण ऐन वेळी एक गावाला जातो आणि एकाला त्याचा साहेब सही करू देत नाही.

पक्षाचं तिकीट मिळेल या आशेवर असलेल्यांनीही हा भाग सोडू नये. उमेदवारी अर्जाच्या नमुना २ब मध्ये भाग एक एका सूचकाचा आहे आणि भाग दोन दहा सूचकांचा. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत, शाईच्या सहीसह, पोहोचला पाहिजे. नाही पोहोचला आणि तुम्ही फक्त भाग एक भरलेला असेल, तर खेळ संपला. एक संच दहा सूचकांचा भरून ठेवला असेल तर अपक्ष म्हणून तरी उभे राहता येतं. उभं राहायचं की नाही ते नंतर ठरवा, माघारीला मुदत असते.

अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा सूचकाने द्यायचा असतो. भाचा, ड्रायव्हर, वकील नेऊन देईल हे चालत नाही. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या, आणि दालनात उमेदवार धरून पाच जण. तुम्ही दुसऱ्या मतदारसंघाचे मतदार असाल तर तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा.

शपथ विसरू नका. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेआधी संविधानाच्या कलम १७३ नुसार शपथ घ्यावी लागते. छाननीच्या दिवशी सकाळी घेतली तरी उपयोग नाही. अर्ज दिला की तिथेच शपथ घ्या, प्रमाणपत्र घ्या, मगच बाहेर येऊन हार घाला.

नमुना २६ चं शपथपत्र सीएच्या टेबलावर बसून भरा. स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि एकत्र कुटुंबाची मालमत्ता, कर्ज, मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न, गुन्हे, शासकीय थकबाकी. एकही रकाना रिकामा किंवा नुसती रेघ मारलेला नको. ‘निरंक’, ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहा. प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का. महापालिकेचा घर टॅक्स, पाण्याचं बिल बाकी असेल तर लपवू नका, लिहा. बाकी असल्याने अर्ज जात नाही, लपवल्याने पुढे निवडणूक याचिका होते. गुन्हे दाखल असतील तर ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा प्रसिद्ध करावे लागतात, तो खर्च आणि वेळ धरून ठेवा.

उत्तर नागपूर किंवा उमरेड लढवणार असाल तर जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता आजच पाहा. रामटेक लोकसभेला २०२४ मध्ये काँग्रेसच्या मूळ उमेदवाराचं जात प्रमाणपत्र रद्द झालं आणि अर्ज छाननीत बाद झाला. पर्यायी म्हणून अर्ज भरलेले श्यामकुमार बर्वे लढले आणि खासदार झाले. पर्यायी उमेदवाराचं महत्त्व याहून वेगळं सांगायला नको.

छाननीला तुम्ही, तुमचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेला आणखी एक जण जाऊ शकता. चौथा माणूस वकील ठेवा. हरकत आली तर घाबरून वाद घालू नका, उत्तर द्यायला वेळ हवा असं लेखी मागा. कायद्याने छाननीच्या तारखेनंतर एक दिवस सोडून पुढच्या दिवसापर्यंत वेळ मिळू शकतो. हा अर्ज कोरा टाइप करून खिशात ठेवा.

मार्गदर्शक कोण असावा? माझं मत ठाम आहे. ‘सर्व्हे, सोशल मीडिया, फॉर्म, सगळं पॅकेजमध्ये’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्यांना तुमच्या मतदारसंघातला एक बूथही माहीत नसतो. माजी नगरसेवकाचा सल्ला ऐका, पण त्याच्या हिशेबात तुमचा वापर किती आहे हेही बघा. दोन-तीन निवडणुका निवडणूक प्रतिनिधी म्हणून काढलेला कार्यकर्ता किंवा निवडणूक शाखेतून निवृत्त झालेला नायब तहसीलदार, एवढा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ झालं.

पैशाचं. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे. नवख्याला वाटतं आपण कुठे तिथपर्यंत जाणार. अडचण मर्यादेची नसते, नोंदीची असते. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणुकीसाठी बँक खातं उघडा. स्वतःचे पैसेसुद्धा आधी त्या खात्यात टाका आणि मग खर्च करा. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत रोख १० हजारांपेक्षा जास्त देता येत नाहीत. मांडववाल्याला सोमवारी ६ हजार रोख दिले आणि शुक्रवारी ५ हजार, की नियम मोडला. दुसरी रक्कम चेकने किंवा खात्यातून द्यायला हवी होती.

नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. खर्च अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत धरतात, त्यामुळे अर्ज भरायला जाताना काढलेली रॅलीही आलीच. आधी छापून ठेवलेले झेंडे नंतर वापरले तर तेही आले. सकाळी पोरांना दिलेले तर्री-पोहे आणि चहासुद्धा जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाने लागतात. तुमच्या खर्चाची वेगळी ‘सावली नोंदवही’ निवडणूक कार्यालयही भरत असतं, व्हिडिओ पथक खुर्च्या मोजतं. तुम्ही ५० खुर्च्या लिहिल्या आणि व्हिडिओत २०० दिसल्या तर नोटीस येते. प्रचाराच्या काळात किमान तीनदा वही तपासायला न्यावी लागते. वही रोज रात्री भरणारा एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नका.

पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ लागतं. सभा, वाहन, लाउडस्पीकरच्या परवानग्या निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर ४८ तास आधी मागा. सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी प्रमाणित करून घ्यावी लागते.

मतदानाचा दिवस. शहरातल्या एकेका मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ आहेत. सगळीकडे मतदान प्रतिनिधी बसवणं नवख्या अपक्षाला झेपत नाही, त्यात कमीपणा काही नाही. जिथे तुमचं काम आहे ते साठ-सत्तर बूथ निवडा आणि तिथे पक्की माणसं द्या. नमुना १०, म्हणजे मतदान प्रतिनिधीचं नेमणूकपत्र, आदल्या दिवशीच सही करून वाटा. मतदान ७ ला सुरू होणार असेल तर चाचणी मतदान दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला. प्रतिनिधीने तेव्हा तिथे हजर असलं पाहिजे, आणि संध्याकाळी नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. त्या यंत्रात किती मतं पडली याचा लेखी आकडा त्यावरच असतो आणि मोजणीच्या टेबलावर तोच जुळवायचा असतो.

वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. पहिल्या वेळी बहुतेकांची जाते, मन घट्ट ठेवा. मात्र हरल्यावर वही कपाटात टाकून देऊ नका. निकालापासून ३० दिवसांत पावत्यांसह पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो, जिंकलेल्याने आणि पडलेल्यानेही. त्याआधी हिशेब जुळवणीची बैठक असते, तिला जा, फरक तिथेच मिटवून घ्या. हिशेब दिला नाही तर कलम १०अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि मधे एखादी पोटनिवडणूक लागली तरी तुम्हाला अर्ज भरता येणार नाही. दिलेल्या हिशेबाची पोच घ्या आणि ती शपथपत्राच्या प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.