समन्स आलं की आधी कोर्ट कुठलं ते बघा

भारतातून परदेशात आलात की व्हिसा, घरभाडं, बँक खातं यांबद्दल सांगणारे इथे पैशाला पासरी मिळतील. कोर्टाचं मात्र कुणी काढत नाही. म्हणून थोडं लिहितो.

नोकरीच्या करारावर सही करण्याआधी शेवटची पानं वाचा. वाद कुठल्या कोर्टात चालेल आणि त्याला कायदा कुठल्या देशाचा लागेल, या दोन वेगळ्या अटी असतात. कोर्ट एका देशाचं आणि कायदा दुसऱ्याचा, असंही सर्रास असतं.

समन्स आलं तर केराच्या टोपलीत टाकू नका. एकतर्फी निकाल लागतो. पण घाईघाईने सगळ्या आरोपांना उत्तरही देऊ नका. तसं केलंत तर त्या कोर्टाचा अधिकार तुम्ही मान्य केला, असं धरलं जाऊ शकतं. अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच उत्तरात घ्यायची असते.

खरा गुंता घटस्फोटात होतो. १९७५ मध्ये तिरुपतीला लग्न झालेल्या एका नवऱ्याने १९८० मध्ये अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि पुढच्या वर्षी भारतात दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्येची तक्रार केली. नवऱ्याच्या नावावरून नरसिंह राव खटला म्हणून वकिलांना तो पाठ असतो. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परदेशी घटस्फोट मानला नाही. संसार सावरण्यापलीकडे गेला, हे घटस्फोटाचं कारण हिंदू विवाह कायद्यात नव्हतं, नवरा तिथला खरा रहिवासी नव्हता आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नव्हता. दोघांची संमती असेल तर गोष्ट वेगळी, पण ती लेखी असलेली बरी. नुसतं 'तिला माहीत होतं' म्हणून भागत नाही.

मुलांचा ताबा त्याहून अवघड. मुलांना परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. भारतातली कोर्टं मुलाचं हित स्वतः तपासतात, परदेशी कोर्टाचा आदेश हा त्यातला एक मुद्दा फक्त.

पैशांच्या निकालात देश कुठला यावर सगळं अवलंबून. ब्रिटन, सिंगापूर, २०२० पासून यूएई अशा, भारत सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतात, अर्थात कलम १३ चे अपवाद (त्या कोर्टाला अधिकारच नसणं, फसवणूक वगैरे) आड आले नाहीत तर. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर भारतात नव्याने दावा लावावा लागतो, तोही निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत. निकालाची प्रमाणित प्रत लगेच काढून ठेवा. निकाल लागला ते शहर सुटलं की ती मिळवायला फार फेऱ्या होतात.