जुन्या डिझेल जीपचा ॲव्हरेज: पंपाआधी चाके तपासा

महिंद्राची एमएम 540 किंवा त्याच पिढीतली, प्यूजो एक्सडीपी 4.90 इंजिनाची जीप ज्यांनी आजही चालती ठेवली आहे, त्यांची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे ॲव्हरेज पडल्याची. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की पाना सर्वांत आधी इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर चढतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. 90 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) चार सिलिंडरांचे हे 2112 सीसीचे इंजिन मुळात काटकसरी आहे. त्याची ताकद वाटेत कुठे मुरते ते आधी शोधावे आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा.

त्याही आधी ॲव्हरेज खरोखरच पडला आहे का, याची खात्री करावी. टाकी तोंडापर्यंत भरून किमान दोनशे किलोमीटर चालवावे, त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि दोनदा आलेल्या आकड्यांची सरासरी धरावी. यात एक चकवा असतो. मूळ 6.00-16 टायरचा व्यास 28 इंचांच्या आसपास असतो. हौसेने 31 इंचांचे टायर बसवले, तर किलोमीटर मीटर प्रत्यक्षापेक्षा सुमारे दहा टक्के कमी अंतर दाखवतो. मीटरवर 240 किलोमीटर आणि टाकीत 24 लिटर असा हिशेब आला, तर दहाचा वाटणारा ॲव्हरेज वास्तविक अकराच्या जवळ असतो. मोबाइलच्या जीपीएसवर वीस किलोमीटर मोजून मीटरशी ताडून पाहिले की हा फरक लगेच कळतो. अर्थात मोठे जड टायर फिरवायला डिझेलही जास्त लागते, त्यामुळे डांबरी रस्त्यावरच वापर असेल तर मूळ मापाकडे परतणे शहाणपणाचे.

आता चाके. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ते न कळत धरून बसतात. चिखलातून, नदीच्या पात्रातून गाडी गेली की चाकातला सिलिंडर गंजतो, ड्रमला आतून घासणाऱ्या शूची स्प्रिंग मरगळते आणि ब्रेकवरून पाय काढला तरी शू पुरता मागे येत नाही. तपासणी सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता चालवावे, गाडी आपोआप थांबू द्यावी आणि हाताची मागची बाजू प्रत्येक ड्रमजवळ न्यावी. तीन कोमट आणि एक चटका देणारा, असे आढळले तर निम्मे काम झाले. मग ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. सुटे चाक दोन-तीन फेऱ्या घेते, धरलेले चाक हात सोडताच थांबते. माझ्या जीपचे मागचे डावे चाक असे धरत होते आणि मी तोवर दोनदा नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी, तपासून घेतले होते, हे कबूल केलेले बरे.

त्याच वेळी टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा एकमेकांकडे असलेला किंचित कल, बिघडलेले आहे. म्हणजे पुढची चाके रस्त्यावर घासत चालली आहेत. वाळूत उतरण्यासाठी कमी केलेली हवा परतीच्या वाटेवर भरायची राहून जाते, तेही पाहावे.

चाकांनंतर ट्रान्समिशन. पुढचा ॲक्सल गुंतवणारा लिव्हर सडकेवर टू-व्हीलमध्येच हवा आणि फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलपासून सोडवणारे) बसवलेले असतील तर दोन्ही बाजू 'फ्री'वर असल्याचे उतरून पाहावे. डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरांच्या डब्याचा, आवाज दाबण्यासाठी 140 ग्रेडचे जाड ऑइल भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. आवाज कमी होतो, पण गिअर त्या काकवीतून फिरत राहतात. मॅन्युअलमधील ग्रेडच वापरावा.

इंजिनाच्या बाजूने पहिला संशय थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणाऱ्या झडपेचा, घ्यावा. गाडी घाटात तापते म्हणून कोणीतरी तो कधीच काढून टाकलेला असतो. मग थंडीत तापमानाचा काटा वर येत नाही, इंजिन गारच चालते आणि गार डिझेल इंजिन जास्त पिते. तापण्याचे कारण रेडिएटरमध्ये शोधावे आणि थर्मोस्टॅट परत बसवावा. ऑइल-बाथ एअर फिल्टर (हवेतली धूळ ऑइलच्या भांड्यात अडवणारा) असेल तर कोकणातल्या लाल धुळीत त्याच्या भांड्यात लवकरच चिखल साचतो. भांडे डिझेलने धुऊन खुणेइतकेच ऑइल भरावे, वर नाही.

चालवण्याविषयी दोनच गोष्टी. सपाट काच आणि ताडपत्रीचे हूड असलेल्या या गाडीला वारा फार अडवतो. 60 ऐवजी 80च्या वेगाला हवेचा विरोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. शिवाय कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचते, हा समज खोटा आहे. गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंपातला गव्हर्नर, म्हणजे डिझेलचे प्रमाण सांभाळणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरते जळतच राहते, आणि ब्रेक तापतात ते वेगळेच.

एवढे करूनही चढावर काळा धूर येत असेल, तर पंप आणि नोझल उघडण्याची वेळ झाली. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा नोझलचा फवारा पाहावा. निळा असेल तर ऑइल जळते आहे आणि तो खर्च निराळा आहे. नोझलचे प्रेशर आणि फवारा टेस्टरवर आपल्यासमोर तपासून घ्यावा, बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत. पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे माप जुळवायला, द्यायचा तो टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच. 'पिकअप वाढवून देतो' असे म्हणत कमाल डिझेलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवणारे हात बरेच असतात, म्हणून त्या स्क्रूवर सील लागल्याचे पाहूनच पंप ताब्यात घ्यावा.