गाडी घरी ठेवा, कागद घेऊन जा: जुन्या स्पोर्ट्स कारच्या मॅट्स पुण्यात स्वस्तात कशा करून घ्यायच्या

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबर बॉडीची, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ज्यांना माहितीये ते सिग्नलला काच खाली करून "अजून चालते का हो" विचारतात आणि ज्यांना माहीत नाही ते "कशाची मॉडिफाय केली?" म्हणतात. तर तिच्या ड्रायव्हर साइडच्या मॅटला टाचेखाली भोक पडलं तेव्हा मी पण सगळे करतात तेच केलं, गाडी घेऊन नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेलो आणि दुकानादुकानात स्टॉर्मची मॅट आहे का विचारत फिरलो. एका दुकानदाराने बाहेर येऊन गाडीभोवती चक्कर मारली, आत बसून स्टीअरिंग धरून बघितलं आणि म्हणाला, "दादा, मॅट काय मिळायची नाही, पण गाडी द्यायची आहे का?"

दुसऱ्याने करून देतो म्हणून जो रेट सांगितला तो ऐकून मी नुसताच हसलो. पण घरी येताना एक गोष्ट कळली की रेट मॅटचा नव्हताच, बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा होता. मॅट म्हणजे शेवटी सपाट तुकडा आणि दोन सीटच्या गाडीत तर दोनच तुकडे. त्याचा नीट कागद, म्हणजे मापाचा साचा, काढलात तर गाडीचं नाव कोणाला सांगायची पण गरज नाही. तुमच्याकडे स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस असो, मर्सिडीजची एसएलके असो नाहीतर कोणीतरी हौसेने बाहेरून आणलेली माझदाची एमएक्स-५, पद्धत हीच.

हां, एमएक्स-५ सारख्या गाडीच्या मॅट्स बाहेरच्या साइटवर तयार मिळतात, पण ऑर्डर करायच्या आधी एक बघा, अमेरिकेतला सेट लेफ्ट हँड ड्राइव्हचा असतो, म्हणजे टाचेचं पॅड आणि डाव्या पायाची जागा सगळं उलट्या बाजूला. मागवायचाच असेल तर इंग्लंड, जपान किंवा ऑस्ट्रेलियाचा बघा, तिकडे आपल्यासारखंच उजवीकडे स्टीअरिंग असतं. शिपिंग आणि कस्टम धरलं की स्वस्त हा शब्द मात्र विसरायचा.

सगळ्यात आधी, खाली काय आहे ते बघा

जुनी मॅट काढा आणि कार्पेटवर हात दाबून ठेवा. ओलं लागलं तर नवीन मॅटचा विचार तूर्त सोडा, कारण ओल्या कार्पेटवर मॅट टाकली की पाणी खाली कोंडून राहतं, वास मारतो आणि पत्रा सडतो. माझी बॉडी फायबरची असली तरी खालचं लोखंड ते लोखंडच. डाव्या सीटच्या पायाशी ओलं आहे आणि पाण्याला काही वास नाही, तर बहुतेक वेळा एसीची ड्रेनची नळी तुंबलेली असते, ती साफ केली की काम झालं. पाणी चिकट लागतंय आणि गोडसर वास येतोय तर ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत हीटरचं कोअर (त्याचा छोटा रेडिएटर) गळतंय, मेकॅनिककडे जा. आणि फक्त पावसातच ओलं होत असेल तर दाराचं रबर, काचेचं रबर, आणि छत उघडणारी गाडी असेल तर छताची सगळी रबरं. कार्पेट उचलून खाली पेपरचे गठ्ठे घाला, टेबल फॅन लावा, दोन-तीन दिवस पेपर बदलत राहा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा घरगुती उद्योगच आहे.

कागद काढणं, म्हणजे खरं काम

वर्तमानपत्र घेऊ नका, कोपऱ्यात फाटतं. मी पहिल्यांदा जुन्या कॅलेंडरची पानं जोडून केलं होतं, जमलं, पण नंतर डायनिंग टेबलवर टाकतात तसलं पारदर्शक प्लास्टिक आणलं आणि मग कळलं की आधीच आणायला पाहिजे होतं, कारण खालची कड दिसते आणि मार्करने सरळ गिरवता येतं. बोहरी आळीत मीटरवर मिळतं.

सीट पूर्ण मागे घ्या, प्लास्टिक अंथरा, चार ठिकाणी मास्किंग टेप लावा म्हणजे सरकणार नाही. मग मार्कर घेऊन कडेकडेने जा. दाराच्या उंबऱ्याजवळ, दोन सीटमधल्या उंचवट्याजवळ आणि सीटच्या रुळाजवळ घाई करायची नाही, मॅट दुमडते ती इथेच. रेघ झाली की आतून साधारण ५ मिलिमीटर सोडून कापा, कारण गोट मारला, म्हणजे कडेला पट्टी शिवली, की कड थोडी वाढते.

कापलेलं प्लास्टिक परत आत ठेवून गाडी चालवतो तसं बसा. टाच जिथे टेकते तिथे फुली मारा. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर एकेक करून तळापर्यंत दाबा आणि पेडलचं टोक कुठपर्यंत येतं ते बघा, मॅट पेडलच्या खाली जाता कामा नये, अलीकडेच संपली पाहिजे. सीट पुढे-मागे करा, दार लावा. मग त्याच्यावर मोठ्या अक्षरात "ड्रायव्हर", "वरची बाजू" आणि पुढच्या दिशेला बाण असं लिहा, हसू नका, माझी पहिली मॅट कारागिराने उलटी कापली होती आणि चूक माझी होती. आणि ड्रायव्हरचा कागद उलटा करून डाव्या सीटला चालेल असं धरून चालू नका, दोन्ही बाजू वेगळ्या असतात, दोन कागद काढा.

कशाची करायची

सेव्हन-डी मॅट्स, ते शिवलेलं लेदरेट आणि आत फोम, मला छोट्या स्पोर्ट्स कारला अजिबात पटत नाहीत. जाड असतात, आपण आधीच जमिनीलगत बसलेलो, पेडल एकमेकांना चिकटून, त्यात खालून जागा गेली की बूट अडकतो. नूडल मॅट, ती शेवयांसारख्या प्लास्टिकच्या वेटोळ्यांची, माती छान लपवते, पण मी लावून बघितली तर टाच आत रुतते आणि पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर सरकवताना ओढल्यासारखं होतं, मोठ्या गाडीत चालून जातं ते.

शेवटी मी रेघांची रबर शीट घेतली, साधारण ४ मिलिमीटर जाडीची. पावसाळ्यात बाहेर काढायची, नळाखाली धरायची, झटकायची, झालं. गोट मारायची पण गरज नाही. आणि नंतर त्याच कागदावर कार्पेटचा दुसरा सेट करून घेतला, तो दिवाळीनंतर टाकतो. रबरचे दोन तुकडे मला सातशेच्या आसपास पडले, कार्पेट गोटासकट चौदाशे. तुम्हाला थोडं कमी-जास्त होईल.

कुठे जायचं

इथेच गाडी घरी ठेवायची. कागदाची गुंडाळी काखेत मारून स्कूटरवर जा, तसंही बोहरी आळीत आणि रविवार पेठेत चारचाकी घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने दिवस वाया घालवणं. रबर शीट, रेक्झिन, कार्पेट तिकडे बघा. "कापून पाच पीस" असं कोणी म्हटलं तर सांगा दोनच पाहिजेत. माप काढूनच जा, चार फूट पन्ह्याच्या रोलमधून माझ्या दोन्ही मॅट्स तीन फूट लांबीत निघाल्या, त्यामुळे रोलच्या शेवटी उरलेला कटपीस आहे का हे आधी विचारायचं, तो दुकानदाराला पण खपवायचाच असतो. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारलीत तर मोठ्या गाडीच्या रबरी मॅट्स स्वस्तात मिळून जातात आणि त्या आपल्या कागदावर ठेवून कापता येतात, पण रबर वाकवून बघा, तडे दिसले तर सोडून द्या.

गोट मारायला सीट कव्हरवाला चालतो, नाहीतर बॅगा शिवणारा, जाड मशीन असलं म्हणजे झालं. टाचेच्या फुलीवर रबराचा एक तुकडा शिवून घ्या. नुसता चिकटवू नका, उन्हात गाडी तापली की सुटतो.

ड्रायव्हरची मॅट हलली नाही पाहिजे

बाकी सगळीकडे पैसे वाचवा, इथे नको. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस ईएस ३५० मध्ये दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेली होती, त्यात अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि चार जण गेले. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून तिकडे सुमारे ३८ लाख गाड्या रिकॉल केल्या. म्हणजे "दुसऱ्या गाडीची बसतीये की" म्हणून टाकून दिलेली मॅट हा काही छोटा विषय नाही.

फ्लोअरला कंपनीचे हुक असतील तर मॅटवर त्याच जागी भोकं पाडून आयलेट (भोकाच्या कडेची धातूची रिंग) मारून घ्या, चप्पल-बूट शिवणारे पाच मिनिटांत मारून देतात. हुक नसतील तर खालून व्हेलक्रोची खरखरीत बाजू शिवा, कार्पेटला घट्ट धरते. जुन्या मॅटवर नवीन कधीच टाकायची नाही, रबर घाण होऊ नये म्हणून वर कार्पेट तर अजिबातच नाही. मला पण मोह झाला होता, एकदा पार्किंगमध्येच घसरली म्हणून शहाणा झालो.

बसवून झाली की इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि सोडा, दहा वेळा. लगेच वर आला पाहिजे. मग टाचेने मॅट जोर लावून पुढे ढकला आणि परत दाबून बघा. आठवडाभराने हेच परत करा, नवीन रबर उन्हात थोडं पसरतं, माझं उजव्या कोपऱ्यात बोटभर वाढलं होतं, कटरने उडवलं. आणि चालवताना कधी पेडल अडकलंच तर खाली वाकून मॅट ओढत बसू नका, ब्रेक घट्ट दाबून धरा, गाडी न्यूट्रल करा, बाजूला घ्या आणि मगच इंजिन बंद करा.

कागद फेकू नका. माझे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे माळ्यावर गुंडाळून ठेवले होते, सध्या ते कोथरूडच्या एका स्टॉर्मवाल्याकडे गेलेत, दोन महिने झाले, फोन केला की म्हणतो रविवारी आणून देतो.