पट्टी उतरवा: स्वरयंत्र काढल्यानंतरचं भजन

कॅन्सरमुळे माझं स्वरयंत्र पूर्ण काढलं, त्याला चार वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं मी आमच्या भजनी मंडळात पेटीवर बसून गायलो. आज गळ्यावरच्या भोकातून, म्हणजे स्टोमातून श्वास घेतो आणि अंगठ्यानं ते झाकून गातो. ज्यांना माझ्यासारखा व्हॉल्व्ह, म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधली छोटी झडप बसवलीय, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट ‘करा’ म्हणेपर्यंत मात्र गाऊ नका.

आपला आवाज आता कुठून येतो, ते आधी नीट समजून घ्या. स्टोमा झाकला की फुफ्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेलं मांस थरथरतं. ते स्वरतंतूंसारखं हुकमी ताणता येत नाही. त्यामुळे आवाज जाड आणि खालचा लागतो, बायकांचासुद्धा.

मी सहा महिने जुन्या पट्टीतच गायचा हट्ट केला. घसा आवळायचा, आवाज फुटायचाच नाही. माझा सा काळी एकचा होता. एक दिवस थेरपिस्ट म्हणाल्या, ‘‘काका, गाऊ नका, नुसतं ‘आ’ म्हणा.’’ तो ‘आ’ पेटीवर शोधला तर मंद्रातली काळी चार निघाली, म्हणजे जुन्या सा-खालचा पंचम. तोच आता माझा सा. तुम्हीही असंच करा. आधी सहज निघणारा ‘आ’, मग पेटीवर त्याची पट्टी. खर्जाचा रियाज करतो तसा तो एकच स्वर आठवडाभर धरा. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. त्याआधी कोमट पाण्याचे दोन घोट घ्या आणि स्टोमातला कफ साफ करा.

अंगठा हलका ठेवा. हवा निसटू नये एवढाच. जोरात दाबलात तर आवाज चेपतो. श्वास पोटातून घ्या, खांदे सैल. मान किंचित वळवून किंवा हनुवटी खाली घेऊन पाहा. माझा स्वर हनुवटी थोडी खाली घेतली की मोकळा होतो.

सा स्थिर झाला की रे, मग ग. वर जायला हवेचा जोर थोडा वाढवावा लागतो, म्हणून वरचा स्वर मोठाही होतो. होऊ द्या. मला चार-पाच स्वर मिळाले. तेवढ्यात बसेल अशी चाल निवडा. तान आणि मींड माझ्याकडून पुन्हा आली नाही.

श्वास तालावर बांधा. केरव्यात पहिल्या मात्रेला अंगठा लावायचा, सहा मात्रा गायचं, सातवीला उचलायचा, आठवीला श्वास. ओळ अर्धी तुटली तरी ठेका तुटत नाही.

शब्दांत ‘ह’ सगळ्यात छळतो, कारण तो घशातून निघणारा वारा. माझा ‘हरी’ ‘अरी’ व्हायचा आणि भजनात तो पावलोपावली! जिभेची मागची बाजू टाळूजवळ नेऊन हलकी खरखर काढा, ‘ख’च्या अलीकडे थांबल्यासारखी. ऐकणाऱ्याला ‘ह’ ऐकू येतो.

व्हॉल्व्ह नसेल आणि हवा गिळून बोलत असाल, तर दोन-तीन अक्षरांचे तुकडे करून गा. गळ्याला लावायचं यंत्र वापरत असाल, तर काही यंत्रांत स्वर वर-खाली करायचं बटण असतं; त्यावर आधी दोनच स्वर बसवा.

मंडळात बसताना जागा जपा. नाकातून हवा जात नाही, त्यामुळे उदबत्तीचा वास येत नाही, पण धूर थेट फुफ्फुसात उतरतो. समईपासून लांब बसा, स्टोमावर फिल्टर किंवा मलमलचं कापड ठेवा आणि बुक्का कपाळालाच लावून घ्या, गळ्याला नाही. पाणी पिताना खोकला आला किंवा व्हॉल्व्हभोवती पाणी झिरपलं, तर गाणं थांबवून डॉक्टरांकडे जा.

एकटं वाटत असेल तर सांगतो, इंग्लंडमध्ये डॉ. थॉमस मूर्स यांनी सुरू केलेल्या ‘शाउट अ‍ॅट कॅन्सर’ या संस्थेत स्वरयंत्र काढलेले लोक एकत्र गातात. ते वाचलं त्या दिवशी मी पेटीवरची धूळ पुसली.

अडचण होती हाताची. डावा अंगठा गळ्यावर, उजवा हात पट्ट्यांवर, मग भाता कोण मारणार? तो आता माझी नात मारते. मी अंगठा उचलला की तीही श्वास घेते.