एलीच्या मुलांची गोष्ट शिकवताना या चुका टाळा

बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय, म्हणजे याजक (पुरोहित) एली आणि त्याच्या मुलांची गोष्ट, वर्गात घेतला की कुणीतरी विचारतंच: मांसाच्या तुकड्यापायी देवानं अख्खं घराणं बुडवलं? प्रश्न रास्त आहे. आपण उत्तर घाईनं देतो आणि गोष्ट तिथेच बिघडते.

पहिली गफलत त्या काट्याची. शिलो इथल्या देवस्थानात कुणी यज्ञ केला की एलीचे याजक मुलगे हफनी आणि फिनहास यांचा नोकर तीन दात्यांचा काटा घेऊन यायचा, मांस शिजत असलेल्या भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते याजकाचं. हीच चोरी, एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण याजकानं मांस घेणं मुळात गैर नव्हतं. लेव्यांना, म्हणजे याजकांच्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, देवाच्या अर्पणांवरच त्यांचं पोट. लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शांत्यर्पणातला (शांतीसाठीच्या यज्ञातला) याजकाचा वाटाही ठरलेला आहे: ऊर आणि उजवी मांडी. काट्याला लागेल ते उचलणं म्हणजे ठरलेल्या वाट्यापलीकडे हात मारणं. पण कहर पुढेच आहे. चरबी वेदीवर जाळायच्या आधीच नोकर हजर: भाजायला कच्चं मांस दे, शिजलेलं नको. यज्ञ करणारा विनवतो, आधी चरबी तर जळू दे, मग हवं तेवढं ने. नोकर म्हणतो, आत्ता दे, नाहीतर हिसकावून घेईन. सगळी चरबी परमेश्वराची, हा नियम साध्या यात्रेकरूला पाठ आणि याजकालाच त्याची पर्वा नाही! कुंपणानं शेत खाल्लं ते इथे. हा संवाद वर्गात दोघांना मोठ्यानं वाचायला लावा, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

"एलीनं मुलांना कधी टोकलंच नाही" हेही सर्रास ऐकू येतं. टोकलं होतं. दर्शनमंडपाच्या (शिलोतल्या देवस्थानाच्या) दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी मुलं कशी वागतात हे कानावर आल्यावर म्हाताऱ्यानं त्यांना खडसावलं. पण पदावरून काढलं नाही. माझ्यापेक्षा तू मुलांना मोठं मानतोस, हा देवाचा त्याच्यावरचा ठपका आहे.

चित्र काढताना शलमोन राजाचं यरुशलेममधलं मंदिर दाखवू नका, ते अजून बांधलेलंच नाही. आणि हा फिनहास म्हणजे पहिला मुख्य याजक अहरोन याचा नातू फिनहास नव्हे. परीक्षेत ही सरमिसळ हमखास सापडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न्याय एका दिवसात उरकणं. शेजारच्या पलिष्टी लोकांशी लढाई झाली, दोघे भाऊ पडले, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) शत्रूच्या हाती गेला, ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळून मान मोडून मेला. गोष्ट इथे थांबवली तर निम्मीच झाली. पुढे नोब गावी शौल राजानं ८५ याजक मारवले, कारण तिथल्या याजक अहीमलेखानं शौलापासून पळणाऱ्या दावीदाला भाकर आणि गल्याथाची तलवार दिली होती. अहीमलेख एलीच्याच वंशातला. त्याचा मुलगा अब्याथार निसटला, दावीदाचा याजक झाला, पण म्हातारपणी त्यानं गादीवर हक्क सांगणाऱ्या दावीदपुत्र अदोनीयाची बाजू धरली आणि शलमोनानं त्याला अनाथोथला घालवून दिलं. सादोक हा दुसरा याजक त्याच्या जागी आला. एलीच्या घराण्याला शिक्षा होईल हे शिलोत बोललेलं देवाचं वचन असं पूर्ण झालं, हे पहिल्या राजे पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे शिक्षा उतरली ती दरबारी राजकारणातून, काही पिढ्यांनी.

शिलोचं काय झालं ते शमुवेलाच्या पुस्तकात नाही. यरुशलेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर खिर्बत सैलून (म्हणजेच जुनं शिलो) इथे १९२० च्या दशकात डॅनिश पथकानं आणि १९८० च्या दशकात इस्रायली पथकानं उत्खनन केलं. तिथे जळून कोसळलेल्या इमारती आणि साठवणीचे मोठाले रांजण मिळाले. हा विध्वंस साधारण इ.स.पू. अकराव्या शतकातला मानतात. आग कुणी लावली ते माती सांगत नाही, तेव्हा "पुरातत्त्वानं सिद्ध केलं" असं ठोकून देऊ नका.

आठवण मात्र टिकली होती. चारशेहून अधिक वर्षांनी यिर्मया संदेष्टा यरुशलेमच्या मंदिरात उभा राहून देवाच्या वतीनं म्हणाला: शिलोला जा, तिथे मी काय केलं ते पाहा. यिर्मया स्वतः अनाथोथच्या याजकांपैकी, अब्याथारला जिथे घालवलं त्याच गावचा. हे ऐकून त्याला धरणाऱ्यांत याजक पुढे होते: तू मेलाच पाहिजेस.